दोन तांबे पाण्याची अंघोळ

वाचकहो, गेल्या पंधरवड्यात आलेल्या पत्रांपैकी एक पत्र मी मुद्दाम बाजूला काढून ठेवले होते. ते एका सूनबाईंचे आहे. त्यांच्या सासूबाई ६९ वर्षांच्या. रक्तदाबाची एक गोळी आणि मधुमेहाची एक, एवढेच काय ते औषध. बाकी प्रकृती उत्तम. रोज सकाळी घराजवळची टेकडी चढून उतरतात. येत्या डिसेंबरात नातू आणि त्याचे मित्र हरिश्चंद्रगडावर निघाले आहेत आणि आजींनीही त्यांच्याबरोबर जायचा हट्ट धरला आहे. सूनबाई लिहितात, आईंना चढणीची भीती नाही, थंडीची नाही, जमिनीवर झोपण्याची तर मुळीच नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून अंघोळ केल्यावाचून त्यांनी चहाचा घोटसुद्धा घेतलेला नाही. गडावर अंघोळीचे काय, या एकाच प्रश्नापाशी त्यांचे पाऊल अडले आहे.

हे वाचून तरुण वाचकांना हसू येईल. मला आले नाही. ३४ वर्षे परिचारिका म्हणून काम करताना मी असे पाहिले आहे की, वृद्ध माणसाला दुखणे सोसवते, पथ्य सोसवते, परंतु आपण अस्वच्छ आहोत ही जाणीव सोसवत नाही. आणि त्या जाणिवेतून तो जे काही मुकाट्याने करतो, ते पुष्कळदा दुखण्याहून घातक ठरते. मधुमेहाची गोळी सकाळच्या वेळेला घ्यायची, मात्र अंघोळ झालेली नाही म्हणून तोंडात घास घालायचा नाही, असे झाले तर रक्तातील साखर उतरून चढणीवरच घेरी येऊ शकते. हा झाला एक धोका. दुसरा याहून अधिक लपलेला असतो. तो मी त्याच गडावर जवळून पाहिला आहे.

या गोष्टीला आता बारा वर्षे झाली. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातील आम्ही सात जण आणि बरोबर दोन तरुण भाचे, असे अकोले तालुक्यातील पाचनई गावातून वर निघालो होतो. हरिश्चंद्रगडाच्या वाटांमध्ये ही सर्वांत सोपी. एका प्रचंड कड्याच्या पोटाखालून ती जाते. डोक्यावर झुकलेल्या त्या दगडाच्या सावलीत बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. तरुण माणूस ही वाट अडीच-तीन तासांत चढतो. आम्हांला पाच लागले आणि त्याची आम्हांला यत्किंचितही लाज वाटली नाही. आमच्यातील सर्वांत वडील एक निवृत्त शिक्षक होते, वय ७१. त्यांना आम्ही गुरुजीच म्हणत असू. एरवी बोलका माणूस. त्या दिवशी मात्र ते सारखे मागे राहत होते. दशम्या त्यांनी घेतल्या, पण पाण्याची बाटली पुढे केली की, “आत्ताच प्यालो” असे सांगत.

वर हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापाशी पोहोचल्यावर सगळे जण केदारेश्वराची गुहा पाहायला गेले. भल्यामोठ्या शिवलिंगाभोवती कमरेएवढे बर्फगार पाणी, आणि चार खांबांपैकी शाबूत उरलेला एकच खांब, हे दृश्य कोणी चुकवीत नाही. गुरुजी आले नाहीत. मी परत आले तेव्हा ते एका ओट्यावर सगळ्यांपासून दूर, अंगावर शाल लपेटून बसले होते. उठू लागले आणि तोल जाऊन पुन्हा बसले. मी मनगट हाती घेतले. नाडी जलद होती, जीभ कोरडी, ओठांवर पापुद्रे. विचारता विचारता कळले की, पहाटे निघताना अर्धा कप चहा आणि वाटेत चार घोट, एवढेच द्रव त्यांच्या पोटात गेले होते. कारण विचारले तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग जमिनीकडे पाहत म्हणाले, “वर्षभर थांबवत नाही, सिस्टर. वाटेत कुठे जायचे? म्हणून पीतच नव्हतो. तरी व्हायचे ते झालेच.” त्यांचा लेंगा ओला होता. ती शाल त्यासाठी होती.

वय वाढते तशी तहानेची जाणीव आपोआपच मंदावते. त्यात माणसाने लाजेपायी पाणी तोडले तर शरीर किती लवकर सुकते, हे घरच्या मंडळींच्या ध्यानात येत नाही. लघवी दाट होते, मूत्रमार्गाला जंतुसंसर्गाची भीती वाढते, रक्तदाब उतरतो, भोवळ येते. आणि गंमत अशी की, दाट लघवीने मूत्राशय चुरचुरून घाई उलट वाढू शकते. गुरुजींनी ज्या गोष्टीसाठी पाणी सोडले, तीच त्यांच्यावर उलटली होती.

आमच्याजवळ जलसंजीवनीची पाकिटे होती. एक पाकीट लिटरभर पाण्यात कालवून ते घोट घोट त्यांना पाजले. तासाभराने चेहऱ्यावर थोडी रया आली. मग मी भाच्यांना चुलीवर तपेलीभर पाणी तापवायला सांगितले. गुरुजी म्हणाले, “इथे कुठे अंघोळ?” मी म्हटले, रुग्णालयात खाटेवरून न उतरता हजारो माणसांची अंघोळ मी घातली आहे, तुम्ही तर बसू शकता. मुक्कामाच्या गुहेच्या एका कोपऱ्यात दोघा भाच्यांनी चादर आडवी धरली. आत गुरुजी एका सपाट दगडावर बसले. मी चादरीच्या बाहेर पाठ करून उभी राहिले आणि एकेक गोष्ट सांगत गेले. ती आपल्यालाही सांगते, कारण घरी अंथरुणाला खिळलेल्या आईवडिलांची सेवा करणाऱ्यांनाही ती तेवढीच उपयोगी आहे.

पाणी दोन तांबे, फार तर तीन. घरी आपण १५–२० लिटरांची बादली रिकामी करतो. त्यातले पुष्कळसे पाणी अंगाला न लागताच वाहून जाते. पाणी कोमट असावे आणि ते बोटांनी नव्हे, कोपराने पाहावे. मधुमेहात बोटांची जाणीव दगा देते. दोन स्वच्छ पंचे घ्यावेत. पंचाच हवा. जाड टर्किश टॉवेल भिजला की जड होतो आणि डोंगरावरच्या थंडीत दुसऱ्या दिवशीही वाळत नाही. पंचा पिळून काठीला बांधला की चालता चालता सुकतो. एकाच वेळी सगळे अंग उघडे करायचे नाही. जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा करावा, ओल्या पंचाने पुसावा, कोरड्याने टिपून घ्यावा, झाकावा आणि मग पुढच्या भागाकडे वळावे. म्हाताऱ्या अंगात ऊब टिकत नाही. ओल्या अंगावरून वारा गेला की पाच मिनिटांत कुडकुडायला होते.

क्रम नेहमी स्वच्छ भागाकडून मळक्या भागाकडे. आधी चेहरा, साबणाशिवाय. डोळा नाकाकडील कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूस पुसावा आणि दुसऱ्या डोळ्यासाठी पंचाचे दुसरे टोक घ्यावे. मग कानांच्या पाठी, मान, हात, काखा, छाती, पोट, पाठ. कातडीला जिथे कातडी चिकटते, म्हणजे काखेत, स्तनांखाली, पोटाच्या वळीत, जांघेत, तिथे घाम साचतो, कातडी लाल होते आणि बुरशी धरते. हे भाग रगडायचे नाहीत. पुसायचे आणि पूर्ण कोरडे करायचे. शेवटी गुह्यभाग, वेगळे ताजे पाणी घेऊन; स्त्रियांनी नेहमी पुढून मागे. हे राखून ठेवलेल्या दुसऱ्या पंचाने करावे आणि तो पंचा पुन्हा वर आणू नये. पाय सर्वांत शेवटी, पंचाने न पुसता पाण्याची धार धरून हाताने धुवावेत आणि बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या कराव्यात.

सगळे झाल्यावर कोरडे कपडे घालून गुरुजी चादरीबाहेर आले. शेकोटीपाशी बसले. पिठले-भात जेवले. रात्री त्यांच्या उशाशी एक रुंद तोंडाची, झाकणाची बाटली ठेवून दिली आणि भाच्याला त्यांच्या शेजारी झोपवले, म्हणजे अंधारात धडपडत बाहेर जाण्याची वेळ यायला नको. ही साधी बाटली घरीही किती पडझडी वाचवते, हे शुश्रूषा करणाऱ्यांनी अनुभवले असेलच.

आता पाण्याविषयी. गडावरचे टाके किंवा पुष्करणी ही आपली न्हाणी नव्हे. तिथे उतरून अंघोळ करणे, कपडे धुणे, साबण लावणे म्हणजे खालून चढून येणाऱ्या पुढच्या तहानलेल्या माणसाच्या पाण्यात आपला मळ घालणे आहे. पाणी भांड्यात काढून घ्यावे आणि पाणवठ्यापासून निदान ६० मीटर, म्हणजे ऐंशीएक पावले दूर जाऊन वापरावे. सांडपाणी मातीवर पसरून टाकावे. निसर्गात विरघळणारा म्हणून विकला जाणारा साबणही पाण्यात तसाच राहतो. त्याचे विघटन व्हायला माती लागते. खरे सांगायचे तर दोन दिवसांच्या मुक्कामात अंगाला साबण लागतच नाही. उतारवयात त्वचेतील तेल मुळात कमी झालेले असते. साबणाने ती अधिकच कोरडी पडते, खाजते आणि खाजवून चिरते. काखा आणि जांघा एवढ्यापुरता तो पुरे. पुसलेल्या अंगाला थोडे खोबरेल चोळावे. जांघेत कातडी घासून सोलवटत असेल तर निघण्यापूर्वीच पेट्रोलियम जेली लावावी.

हातांचे मात्र तसे नाही. तिथे साबणाची कसूर करू नये. डोंगरावरून परतल्यावर होणाऱ्या हगवणीचे खापर आपण पाण्यावर फोडतो, पण पुष्कळदा दोषी असतात ते शौचाहून येऊन तसेच भाकरी मोडणारे हात. शौचानंतर आणि जेवणापूर्वी २० सेकंद साबणाने हात चोळावेत; वाटीभर पाण्यात हे काम होते. बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडले की धार एकट्यालाही धरता येते. हातावर चोळायचे निर्जंतुक द्रव ६० टक्क्यांहून कमी अल्कोहोलचे नसावे, आणि हात मातीने किंवा तेलाने माखलेले असतील तर ते नीट काम करीत नाही. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या काही विषाणूंपुढे तर त्याचे फारसे चालतच नाही. म्हणून साबणाची वडी सुटता कामा नये. प्यायचे आणि चूळ भरायचे पाणी उकळलेलेच असावे. उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे. हिमालयात दोन हजार मीटरच्या वर गेलात तर तीन मिनिटे. कवळी वापरणाऱ्यांनी तीही याच पाण्याने, थंड करून, धुवावी आणि रात्री डबीत पाणी घालून ठेवावी. गरम पाण्याने कवळीचा आकार बिघडतो. कवळी रुमालात गुंडाळून उशाशी ठेवणाऱ्यांना ती सकाळी पायाखाली सापडते, असा अनुभव आहे. कोणाचा ते विचारू नये.

शौचासाठीही पाणवठ्यापासून तेवढेच अंतर सोडावे. वीतभर खोल खड्डा करून नंतर तो मातीने बुजवावा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी उकिडवे बसताना झाडाचा बुंधा किंवा काठी धरावी. उठताना एकदम उठू नये, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डोळ्यांपुढे अंधारी येते. लाज सोडून कोणाला तरी सांगून जावे आणि शिट्टी गळ्यात असावी. ओले पुसके आजकाल सगळेच नेतात. वापरण्यास ती सोयीची खरी, पण त्यांतील पुष्कळशांत प्लास्टिकचे धागे असतात. ती पुरायची नाहीत, जाळायचीही नाहीत. तीच गोष्ट प्रौढांच्या लंगोटांची. जाड पिशवीत बांधून खाली आणावीत. आणि हो, लंगोट वापरणे हा काही अपराध नव्हे. ज्याला थांबवत नाही त्याने तो घालून पोटभर पाणी प्यावे. मात्र ओला झाला की लगेच बदलावा.

पायांकडे मी पुन्हा वळते, कारण मधुमेह असलेल्या माणसाने प्रवासात काही एक विसरले तरी चालेल, पण पाय विसरून चालणार नाही. संवेदना बोथट झालेल्या तळव्याला बुटातला खडा कळत नाही, फोड कळत नाही, आणि कळतो तेव्हा तिथे जखम झालेली असते. दुपारच्या विसाव्याला आणि रात्री, दोन्ही वेळा मोजे काढून तळवे, टाचा आणि बेचक्या पाहाव्यात. स्वतःला वाकून दिसत नसेल तर नातवाला दाखवावे. पाय गरम पाण्यात बुडवून बसण्याचा मोह टाळावा. त्याने कातडी मऊ पडून फाटते आणि जाणीव कमी असेल तर भाजतेही. तेल टाचेला लावावे, बेचक्यांत नव्हे. मोज्यांचे तीन जोड न्यावेत, झोपण्याचा जोड वेगळा. फोड आलाच तर तो फोडू नये. झाकावा आणि त्या पायावर आणखी चढण करू नये.

अंग पुसण्याचा आणखी एक लाभ असा की, त्या निमित्ताने सगळे अंग तपासले जाते. गवतातून आणि झुडपांतून चालल्यावर काखेत, जांघेत, कानामागे, कमरपट्ट्याखाली गोचीड चिकटलेली असू शकते. सिंधुदुर्गातील दोडामार्ग आणि गोव्यातील सत्तरी या भागांत गोचिडींमुळे होणारा माकडताप आढळला आहे. बारीक कोळकिड्यांच्या दंशाने होणाऱ्या स्क्रब टायफसमध्ये चावलेल्या जागी पुष्कळदा विस्तवाने डागल्यासारखी काळी खपली दिसते, आणि ती नेमकी झाकलेल्या जागी असते. जंगलातून आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना कुठे गेला होतात, हे न विसरता सांगावे. पावसाळ्यात पायाला चीर किंवा जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नये. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू त्याच दारातून आत येतात.

स्त्रियांच्या आडोशाचा प्रश्न पत्रात सूनबाईंनी संकोचून विचारला आहे. पंढरीच्या वाटेवर टँकरच्या पाण्यावर अंघोळ उरकणाऱ्या सत्तरीच्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याचे उत्तर ठाऊक आहे. एकीने लुगडे धरायचे, दुसरीने त्याआड भराभर आवरायचे, आणि कोरडे नेसता नेसता ओले सोडायचे. अंगाचा कणही दिसत नाही. ही कला नव्या मुलींना यायला हवी. तोवर पायघोळ गाऊन सैल बाह्यांचा शिवून घ्यावा. तो वरून घालून आत हात घेता येतात आणि कोणाच्याही मदतीवाचून अंग पुसता येते.

आता अंघोळीवाचून चहा न घेणाऱ्या आजींविषयी. त्यांची निष्ठा मोडायला मी सांगणार नाही. ती मोडण्याची गरजही नाही. आपल्या शास्त्रकारांनी पाण्याच्या स्नानाखेरीज भस्माचे आग्नेय स्नान, मनानेच करायचे मानस स्नान अशी गौण स्नाने सांगून ठेवली आहेत, ती आजारी आणि अशक्त माणसे डोळ्यांपुढे ठेवूनच. त्या हिशेबाने ओल्या पंचाने सर्वांग पुसणे हे तर फारच भरघोस स्नान झाले. फक्त वेळापत्रक ठरवून घ्यावे. संध्याकाळी चढून आल्यावर, घाम वाळण्यापूर्वी आणि ऊन कलण्यापूर्वी, वर सांगितल्याप्रमाणे सर्वांग पुसून कोरडे कपडे करावेत. घामाने भिजलेल्या सुती कपड्यांत झोपणे डिसेंबरच्या रात्री धोक्याचे आहे. पहाटे केवळ तोंड, हात, काखा आणि पाय एवढेच पुरे. ते झाले की आधी खाणे आणि त्याबरोबर गोळी, डॉक्टरांनी सांगितलेल्या क्रमाने. पाणी तापायला उशीर झाला तर गोळी आणि खाणे दोन्ही मिळून थांबावीत. गोळी पोटात आणि घास बाहेर, असे मात्र होऊ देऊ नये. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी हे बोलून घ्यावे.

घरच्यांनी आणखी एक करावे. गडावर नेण्यापूर्वी एक दिवस घरीच दोन तांब्यांची ही अंघोळ करून पाहावी. कुठे पाणी कमी पडते, कोणता गुडघा आड येतो, पाठीपर्यंत हात पोहोचतो की नाही, हे न्हाणीघरातच कळलेले बरे. मुक्कामाचे नियम आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. हा परिसर अभयारण्यात येतो. वनखात्याकडे आणि पाचनईच्या गावकऱ्यांकडे आधी चौकशी करावी. गावातच मुक्काम ठेवून गड दिवसात पाहिला तरी काही बिघडत नाही. तिथे चूल आहे, गरम पाणी आहे आणि आडोसाही आहे.

गुरुजींनी परत आल्यावर आठवड्याच्या आत डॉक्टर गाठले. पुरुषस्थग्रंथी वाढलेली होती. औषधांनी पुष्कळ उतार पडला. वर्षभर ते दुखणे त्यांनी पत्नीपासूनही लपवले होते. पुढच्या हिवाळ्यात ते पुन्हा आमच्याबरोबर आले. वाटेत तीनदा थांबले, तिन्ही वेळा आम्हांला मोठ्याने सांगून थांबले, आणि पाण्याची बाटली मागून मागून प्याले.

तेव्हा सूनबाई, आईंना जाऊ द्या. पिशवीत दोन पंचे, तांब्या, साबणाची छोटी वडी, खोबरेलाची कुपी, मोज्यांचे तीन जोड आणि जलसंजीवनीची चार पाकिटे घाला. नातवाला एवढेच बजावा की, पहाटे साडेपाचला उठून आजीसाठी तपेली चुलीवर ठेवायची आहे. तो कुरकुरेल. उठेल मात्र.